पंचमीला न खणलेले खड्डे

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते माझ्या भूगोलाच्या बाईंचे. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण त्यांना ते आवडणार नाही. बदनापूरपासून आत, आमच्या गावच्या शाळेत त्या बरीच वर्षं शिकवत होत्या. दहावीनंतर मी कामाला लागायचं हे आमच्या घरात ठरलेलंच होतं. तेव्हा एका संध्याकाळी बाई आमच्या ओट्यावर येऊन बसल्या आणि वडिलांना म्हणाल्या, "पोराला कॉलेजला पाठवा. न्हाई म्हणायचं असलं तर म्हणा, पण मी उद्या परत येणार." दुसऱ्या दिवशी त्या खरंच आल्या. तिसऱ्या दिवशीही आल्या. शेवटी वडील कंटाळून हो म्हणाले, असं आई अजून हसत सांगते. आमच्या घरात माझ्याआधी कुणाला पदवी मिळालेली नव्हती. आज मी त्याच शाळेत शिकवतो आणि बाईंनी सुरू केलेली एक गोष्ट माझ्या परीने चालू ठेवतो. यंदा ती गोष्ट आणि माझी नोकरी अशा समोरासमोर आल्या, की त्याबद्दल लिहून ठेवावंसं वाटलं.

नागपंचमीच्या दिवशी आमच्या गावात जमिनीला लोखंड लावत नाहीत. नांगर, वखर, कुदळ, खुरपं, सगळं कोपऱ्यात पडून असतं. घरात विळी काढत नाहीत, चुलीवर तवा ठेवत नाहीत. जे काही खायचं ते उकडलेलं. जमिनीच्या पोटात जे जीव राहतात त्यांना निदान त्या दिवशी आपल्या हातून इजा होऊ नये, एवढंच त्यामागचं कारण मोठी माणसं सांगतात. सकाळी बायका नटूनथटून गावाबाहेरच्या गायरानात जातात. तिथे एका कडुलिंबाच्या आडोशाला माणसाच्या छातीएवढं उंच वारूळ आहे. त्याला हळदकुंकू, फुलं, ज्वारीच्या लाह्या वाहतात, मग फेर धरतात.

बाई बौद्ध घरातल्या. त्या वारुळाची पूजा करत नसत. पण पंचमीला त्या आम्हा मुलांना रांगेने गायरानात घेऊन जायच्या. पहिल्या वर्षी आमच्यातल्या कुणीतरी विचारलं, "बाई, तुम्ही पाया न्हाई पडत, मंग कशाला आल्या?" बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मी हात जोडत न्हाई. पण आज मी घरच्या कुंडीतली माती पण उकरत न्हाई. वर्षभर आपण हिला फोडतो. एक दिवस हिला सुट्टी." मग त्यांनी आम्हाला गवताच्या कडेला बसवलं. बोलायचं नाही, हलायचं नाही, फक्त खाली बघायचं. आम्ही रोज ज्या जमिनीवरून पळत होतो, ती इतकी हलती आहे हे मला त्या दिवशी कळलं. गांडुळांनी वर आणून टाकलेल्या मातीच्या बारीक गोळ्या होत्या, मुंग्यांची ये-जा होती, ओल्या पानाखाली वेटोळं करून बसलेला वाणी किडा होता. वारूळ वाळवीने बांधलेलं असतं, साप नंतर राहायला येतो, असं बाईंनी सांगितलं, तेव्हा मागून एकजण म्हणाला, "मंग भाडं किती देतो बाई?"

"भाडं न्हाई देत. उंदीर खातो. तेवढं बास हाये शेतकऱ्याला."

साप दूध पीत नाही, हेही त्यांनीच बायकांना सांगितलं. तेव्हा आमच्या शेजारच्या काकू, ज्यांच्या जिभेला गाव अजून घाबरतं, पटकन म्हणाल्या, "तुम्ही काय सापाला विचारून आल्ता का?" सगळ्या हसल्या, बाईही हसल्या. वाद झाला नाही. पण पुढच्या वर्षांत कधीतरी वारुळात दूध ओतणं बंद झालं. आता दुधाचा फक्त नैवेद्य दाखवतात आणि मग त्यात साखर घालून पोरांना देतात. शाळेतली मुलं त्या दिवसाला 'मातीची सुट्टी' म्हणू लागली. बाई निवृत्त होऊन जालन्याला लेकीकडे राहायला गेल्या आणि ते बंद पडलं. मी शाळेत लागल्यावर पुन्हा सुरू केलं.

मी शाळेत लागलो तो शिक्षण सेवक म्हणून. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, शिक्षण सेवक म्हणजे सुरुवातीची काही वर्षं मानधनावर काम करायचं, आणि मुदत संपताना शाळेच्या संस्थेकडे मुख्याध्यापकांचा अहवाल चांगला गेला तर कायम व्हायचं. यंदा त्या मुदतीचं माझं शेवटचं वर्ष. घरात दुसरं बोलणंच नव्हतं. आई तुळशीला पाणी घालताना तेच मागायची, एसटीच्या खिडकीतून देऊळ दिसलं तरी हात जोडून तेच मागायची.

पावसाळ्यात वृक्षारोपणाच्या सप्ताहाचं पत्र आलं. आमच्या गावाला मिळालेला दिवस नेमका पंचमीचा होता. तालुक्याहून एक अधिकारी मॅडम येणार होत्या. प्रत्येक रोप खड्ड्यात लावलेलं असतानाचा फोटो त्याच दिवशी ॲपवर चढवायचा होता. जागा ठरली गायरानाची. मुख्याध्यापक सर बाहेरगावचे. माणूस वाईट नाही, पण वरून आलेला कागद म्हटला की त्यांचा घास अडकतो. मी त्यांना म्हणालो, "सर, पंचमीला रोप लावायला गावाची हरकत नाही. खणायला आहे. खड्डे आधी करून ठेवू, त्या दिवशी फक्त हाताने माती लोटायची." त्यांना पटलं. माळ मुरमाड आहे, म्हणून त्यांनी जेसीबी सांगितला.

जेसीबीचा मालक रोज आज येतो, उद्या येतो म्हणत राहिला. त्याचं मशीन अंकुशनगरकडे रस्त्याच्या कामात अडकलं होतं. मी गावातल्या चार माणसांना हाताने खणायला तयार केलं, तर पंचमीच्या आदल्या दिवशी पावसाने डोकं वर काढू दिलं नाही. संध्याकाळी मी मालकाला फोन करून सांगितलं, "उद्या मशीन पाठवू नका. पंचमी आहे."

"सर, झाडाचं काम म्हणजे पुण्याचं काम. त्याला कसली आलीय पंचमी?"

"पाठवू नका, एवढंच ऐका."

फोन कट झाला. मी मुख्याध्यापकांना कळवलं. ते म्हणाले, "आलं तर आलं. मॅडम येणार आहेत, खड्डे तर पाहिजेत." मला मनातून वाटत होतं की ते मशीन येणारच नाही.

सकाळी मुलांची रांग घेऊन मी गायरानात पोचलो. आकाश उघडलं होतं. बायका वारुळाभोवती जमल्या होत्या, त्यांत आई होती, काकू होत्या. रोपांच्या काळ्या पिशव्या ट्रॉलीतून उतरवून आम्ही कडेला मांडत होतो. तेवढ्यात पाणंदीच्या बाजूने इंजिनाचा आवाज आला. पिवळं मशीन चिखल उडवत माळावर चढलं आणि थेट लिंबाच्या दिशेने येऊ लागलं, कारण मुख्याध्यापकांनी सकाळी लवकर आखलेली चुन्याची रेघ तिथूनच सुरू होत होती. फेर थांबला. बायका सरकल्या नाहीत. त्या वारुळासमोर खाली बसल्या.

ड्रायव्हर पंचविशीचा पोरगा होता. त्याने मशीन थांबवलं, पण इंजिन चालू ठेवलं. काकू बसल्या जागेवरून ओरडल्या, "का रे, तुझी माय काय करून राह्यली आज घरी? भाजी चिरून राह्यली का?"

"न्हाई ना मावशे. तिनं तर काल उपास केल्ता भावासाठी."

"आन तू हितं जमीन फाडाया आला!"

"मी काय करू? मालक फोनवर शिव्या देऊन राह्यला. म्हणतो, जल्दी उरक, दुसरीकडं जायचंय."

मुख्याध्यापक धावत आले. त्यांच्या बुटाला चिखलाचा थर आला होता. त्यांनी घड्याळ पाहिलं, बायकांकडे पाहिलं आणि हात जोडून म्हणाले, "ताई, वारुळाला धक्का लागणार नाही. आपण त्या तिकडच्या टोकाला खणू. तुमची पूजा बिलकुल चालू राहू द्या."

"जमीन काय वारुळापाशीच संपती का सर?" काकू म्हणाल्या. मुलं माझ्याकडे बघत होती. मीच त्यांना वर्गात सांगितलं होतं की आज कुणी साधी काडीसुद्धा जमिनीत खुपसायची नाही.

आई उठून माझ्याजवळ आली. तिच्या हातात लाह्यांचं ताट तसंच होतं. मुलांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात तिने विचारलं, "ह्यात तुझ्या नोकरीचं हाये का?"

मी म्हणालो, "हाये."

ती मशीनकडे बघत म्हणाली, "तू खणा म्हणलास तर मी बायांना घरी घेऊन जाते. माझं ऐकतील त्या. पण तुझ्या तोंडानं सांग. तुझ्या मनातलं मला समजून घ्यायला लावू नको."

माझ्या आयुष्यात मला कुणी इतकं साधं आणि इतकं कठीण काही सांगितलेलं नाही. तिला काय हवं होतं ते मला माहीत होतं. त्या वारुळापुढे हात जोडून ती थोड्या वेळापूर्वी काय मागत होती, तेही माहीत होतं. आणि तरी ती सगळा भार माझ्या हातात देऊन बाजूला उभी होती. इंजिन गुरगुरत होतं, त्याचा धूर बायकांच्या दिशेने जात होता.

मुख्याध्यापकांनी मला कोपराला धरून जरा लांब नेलं. "हे बघा, मी मार्ग सांगतो. रोपं पिशवीसकट जमिनीवर ठेवा. भोवती वरची माती ओढा, पिशवी झाकेल एवढी. फोटो काढा. उद्या सावकाश खड्डे करा, कोण बघतंय? खणायचंही नको आणि कामही झालं."

खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं. मी ट्रॉलीकडे गेलो, एक करंजाचं रोप उचललं आणि जमिनीवर ठेवलं. मुलं भोवती गोळा झाली. माती ओढायला मी खाली वाकलो आणि हात तिथेच राहिले. ह्या मुलांना रोप लावायला मीच शिकवलं होतं, पिशवी फाडताना मुळाचा गोळा फुटू द्यायचा नाही, हेसुद्धा. त्यांच्यासमोर मला ते जमेना. मी रोप पुन्हा ट्रॉलीपाशी नेऊन ठेवलं, ड्रायव्हरकडे गेलो आणि म्हणालो, "बंद करा. आज खणायचं नाही."

त्याने लगेच किल्ली फिरवली. माळावर एकदम इतकी शांतता झाली की ताटातल्या लाह्यांवर वारा वाहिलेला ऐकू यावा. "सर, मालकाला तुम्हीच सांगा हां," तो वरून म्हणाला. "माझ्यावर नका टाकू."

मुख्याध्यापक ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. ते ओरडले नाहीत. माझ्या शेजारी येऊन उभे राहिले आणि समोर बघत म्हणाले, "तुमचा अहवाल मला ह्याच महिन्यात संस्थेकडे पाठवायचाय. त्यात मी काय लिहू?"

"जे झालं ते लिहा सर."

मी ट्रॉलीच्या कडेला टेकलो.

मॅडमची गाडी थोड्याच वेळात आली. त्यांना अजून दोन-तीन गावं करायची होती. चुन्याची रेघ, उभं मशीन, बसलेल्या बायका आणि पिशव्यांतली रोपं त्यांनी एका नजरेत पाहिली. मुख्याध्यापकांनी माझ्याकडे बोट केलं. मी जमेल तसं सांगितलं. त्यांनी मधे तोडलं नाही. संपल्यावर फक्त विचारलं, "तारीख मिळाली तेव्हाच का नाही कळवलंत? मी बदलून दिली असती."

"खड्डे आधी होतील असं वाटलं मॅडम."

"माझ्याही गावाला वारुळाला जातात," त्या म्हणाल्या. "पण वरती मला वारूळ सांगता येत नाही. तुमच्या गावापुढे शून्य जाईल."

"उद्या सगळी रोपं लावतो."

"उद्या ॲप बंद. आज कार्यक्रम झाला नाही आणि कुणाच्या निर्णयाने झाला नाही, हे लिहून द्या."

मी गाडीच्या बोनेटवर कागद ठेवून लिहिलं. सही केली. मॅडमनी तो मुख्याध्यापकांपुढे धरला, तर ते म्हणाले, "निर्णय त्यांचा आहे, त्यांचीच सही पुरे." काकूंनी पुढे होऊन मॅडमच्या हातावर लाह्या ठेवल्या. मॅडम क्षणभर गोंधळल्या, मग त्यांनी त्या रुमालात बांधल्या आणि गाडीत बसल्या. गाडी गेल्यावर बायकांनी फेर पुन्हा धरला. पण आवाज सकाळसारखा लागला नाही. आई त्यात गेली नाही.

जेवताना आईने मला पुरणाची दिंडं वाढली, वर तूप घातलं. मग म्हणाली, "मी जे मागायचं ते मागितलंच हाये. आता बघू."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही टिकाव आणि पहारी घेऊन माळावर गेलो. जेसीबी कुठल्या तरी दुसऱ्या गावाला निघून गेला होता. आदल्या पावसाने मुरूम वरून मऊ झाला होता, पण वीतभर खाली गेलं की टिकाव खणखणायचा. काल बसलेल्या बायकांपैकी बऱ्याच आल्या. काकू आल्या त्या पदर खोचूनच. "काल बसवलं, आज राबवून राह्यला. लई हुशार मास्तर हाये," असं म्हणत त्यांनी पहिला खड्डा केला. वारुळाची बाजू आम्ही सोडली आणि रेघ दुसरीकडून आखली. संध्याकाळ होत आली तेव्हा मुख्याध्यापक आले. थोडा वेळ छत्री टेकून बघत राहिले. मग छत्री एका मुलाकडे दिली, माझ्या हातातली पहार घेतली आणि एक खड्डा खणला. त्यांना दम लागला. मग पहार मला परत देऊन, छत्री घेऊन ते निघाले.

त्यानंतर काही दिवसांनी मी बाईंना जालन्याला हे पत्र पाठवलं.

आदरणीय बाई,

जयभीम आणि नमस्कार.

तुम्ही फोनवर विचारलंत की गावात आंदोलन झालं हे खरं का. खरं नाही. बायका बसल्या, मशीन थांबलं, एवढंच झालं. जालन्यापर्यंत पोचेपर्यंत लोकांनी त्यात घोषणाही घातल्या असतील.

तुम्ही हेही विचारलंत की भीती वाटली का. तेव्हा आई शेजारी होती म्हणून मी नाही म्हणालो. वाटली. अजून वाटते. आईने जर मला थांब म्हटलं असतं किंवा खण म्हटलं असतं, तर मी ते ऐकून मोकळा झालो असतो. तिने ते केलं नाही. तिच्यावर मी रागावलो होतो हे तुम्हाला सांगतो, तिला सांगू नका.

मॅडम म्हणाल्या ते बरोबर होतं. तारीख हातात आली त्याच दिवशी मी कळवायला हवं होतं. गावाला सगळं माहीत आहे म्हणून सगळ्यांना माहीत असेल असं मी धरून चाललो. पुढच्या वर्षासाठी शाळेच्या वार्षिक नियोजनात पंचमीच्या दिवशी खोदकाम नाही, असं लिहून घेतलं आहे. मुख्याध्यापक सरांनी त्यावर सही केली.

रोपं लिंबाची, करंजाची, चिंचेची आहेत. दोन रोपं शेळ्यांनी खाल्ली. बाकीच्यांना बाभळीच्या काट्या लावल्या आहेत. मुलं आळीपाळीने बघून येतात.

माझा अहवाल गेला. सरांनी मला दाखवला नाही. मी विचारल्यावर म्हणाले, "तुम्हीच सांगितलं होतं ना, तसंच लिहिलंय." ते चांगलं की वाईट, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. वडिलांनी परवा पहिल्यांदाच विचारलं की कायम नाही झालो तर काय करायचं ठरवलं आहे. मी म्हणालो, बदनापूरला क्लास घेईन. ते म्हणाले, बरं. पण रात्रभर कूस बदलत होते.

बाई, एक विनंती आहे. संस्थेत तुमच्या ओळखीची माणसं आहेत हे मला माहीत आहे आणि तुमचा हात फोनकडे जाईल हेही. कृपया कुणाला फोन करू नका. तुमच्या शब्दाने मी कायम झालो तर त्या दिवशीचं माझं काहीच उरणार नाही, आणि तुमचा शब्दही वाया गेला तर मला ते सहन होणार नाही.

महिनाअखेरीस कळेल असं म्हणतात. जो काही निकाल असेल तो मी आधी आईला सांगेन, मग लगेच तुम्हाला.

आपला विद्यार्थी